खसखशीची पुडी आणि परक्या सरहद्दीचा कायदा

यवतमाळ, दारव्हा, पुसद, उमरखेड अशा आपल्या गावांतून कोणाचा मुलगा किंवा सून आखाती मुलखात अथवा सिंगापुरास जावयास निघाली, की घरातील वडीलधारी माणसे मोठ्या मायेने पेटी भरावयास बसतात; आणि पापड, कुरड्या, काळा मसाला यांच्या सांदीत खसखशीची पुडी सरकवताना कोणी शंका काढलीच, तर ठरलेले उत्तर येते, "किराण्यातलीच तर वस्तू आहे, तिला कोण अडवते?" हे वाक्य मी इतक्या घरांत आणि इतक्या निश्चिंत स्वरात ऐकले आहे, की त्याचे सविस्तर निराकरण करणे आता मला कर्तव्यच वाटते.

वस्तुस्थिती अशी, की खसखस हे अफूच्या झाडाचे बीज आहे. मादक चीक बोंडाच्या सालीत असतो, बीजात जवळजवळ नसतोच. परंतु काढणीच्या वेळी त्या चिकाचा आणि बोंडाच्या भुकटीचा सूक्ष्म अंश दाण्यांना चिकटतो आणि रासायनिक परीक्षणात मॉर्फिन म्हणून प्रकट होतो. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे अफूची लागवड सरकारी परवान्याने होते, आणि १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने बोंडाच्या चुऱ्याची व्याख्या करताना बीज स्पष्ट शब्दांत वगळले आहे. वाण्याच्या दुकानात खसखस राजरोस मिळते ती या वगळण्यामुळे. ही सवलत भारताच्या कायद्याने दिलेली असून तिचा अंमल भारताच्या सरहद्दीपाशी संपतो. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथे खसखस नेण्यास मज्जाव आहे. लंडनच्या विमानतळावर खाल्लेल्या पावावरील खसखशीचे तीन दाणे कपड्यांवर सापडल्यामुळे दुबईत एका स्विस प्रवाशास चार वर्षांची शिक्षा झाल्याचे वृत्त बीबीसीने २००८ साली दिले होते. तेव्हा "तोळाभरच तर आहे" हा युक्तिवाद किती तकलादू आहे, हे निराळे सांगावयास नको. ज्याच्या अंगावर खसखस थापलेली असते तो अनारसाही या मज्जावातून सुटत नाही.

यावर पुन्हा सांगितले जाते, "नागपूरला तर कोणी अडवले नाही!" अहो, नागपूरच्या विमानतळावरील झडती ही प्रामुख्याने विमानाच्या सुरक्षिततेसाठी असते, ज्या देशात उतरावयाचे त्या देशाच्या जकात खात्याच्या वतीने ती घेतली जात नाही, आणि तिथल्या कायद्याचे अज्ञान ही तिथल्या न्यायालयात सबब ठरत नाही. आपल्या वऱ्हाडातील खर्ऱ्याची गोष्टही तीच: चघळण्याच्या तंबाखूची आयात सिंगापुरात निषिद्ध आहे, आणि अमिरातीत विड्याच्या पानालाही बंदी आहे.

याहून घातक समज असा, की नातलगाने दिलेले पुडके न उघडता नेणे हा जिव्हाळ्याचा धर्म आहे. २०१९ साली मुंबईच्या एका दाम्पत्याने आप्ताने दिलेले पुडके दोहा येथे नेले. त्यात चार किलोहून अधिक चरस निघाला, दोघांना दहा वर्षांची कैद फर्मावली गेली, आणि निर्दोष ठरून मायदेशी परतावयास २०२१ साल उजाडावे लागले.

आता किरकोळ गैरसमज.

"औषधाला डॉक्टरांची चिठ्ठी पुरते." ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेल्या औषधांना अमिरातीत तिथल्या आरोग्य खात्याची पूर्वपरवानगी लागते.

"खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या पेटीत टाकाव्या." सुके खोबरे त्यातील तेलामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद आहे.

"पॉवर बँक मोठ्या पेटीत सुरक्षित." नेमके उलट, ती हातातील पिशवीतच न्यावी लागते.

"खाद्यपदार्थ जाहीर केले की दंड होतो." दंड लपविण्याला होतो, न्यूझीलंडमध्ये न जाहीर केलेल्या खाद्यवस्तूसाठी जागच्या जागी ४०० डॉलर भरावे लागतात, जाहीर केलेली वस्तू फार तर जप्त होते.

"व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला." अंतिम अखत्यार विमानतळावरील अधिकाऱ्याचा.

तेव्हा वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पेटी ज्याच्या नावाची, तिच्यातील प्रत्येक जिन्नस त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून स्वतः ठेवावा, त्या देशाच्या जकात खात्याची निषिद्ध वस्तूंची यादी आधी वाचावी, आणि खसखस घरच्या डब्यातच राहू द्यावी. मुलगा सुट्टीत यवतमाळला आला, की अनारसे तेव्हा करावेत.