घर रिकामे करणे, घर बंद करणे

साथ आली की घराने काय करायचे, या प्रश्नाला महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांत दोन अगदी उलट उत्तरे दिली. प्लेगच्या काळात घर सोडून रानात झोपड्या घालायच्या. करोनाच्या काळात दार लावून घरातच बसायचे. दोन्ही वेळा हेतू एकच होता, लागण टाळण्यासाठी वेगळे राहण्याचा. पण पहिल्या वेळी अख्खे घर गावापासून वेगळे झाले आणि दुसऱ्या वेळी घरातला एक माणूस घरच्यांपासून वेगळा ठेवला गेला. या दोन्हींची तयारी निराळी असते, आणि कोणत्या कुटुंबाला कोणती झेपते हे बरेचसे त्याच्या डोक्यावरच्या छपराखाली किती जागा आहे यावर ठरते. साथींचा इतिहास आपल्याकडे रँड, चापेकर, कायदे आणि मृत्यूंचे आकडे या वाटेने पुष्कळ लिहिला गेला. घरातल्या बाईने गाठोड्यात काय बांधले, काय मागे ठेवले, आजाऱ्याचे ताट कुठे मांडले, याकडे त्या मानाने कमी पाहिले गेले. मला या लेखात तेवढेच पाहायचे आहे.

मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. १८९७ उजाडून थोडे दिवस झाले तोवर शहरातले जवळपास निम्मे लोक गावाकडे निघून गेले होते. त्यांच्याबरोबर, त्यांच्या सामानाबरोबर आणि धान्याच्या पोत्यांबरोबर साथही देशावर पसरली. त्यानंतर कित्येक वर्षे, पावसाळा संपला की गावोगाव एकच प्रश्न विचारला जाई: उंदीर पडले का?

'उंदीर पडणे' हा त्या काळाने मराठीला दिलेला भयंकर शब्दप्रयोग. आढ्यावरून, माळ्यावरून उंदीर खाली पडून मरू लागले की गाव सोडायचे, हे लोकांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक होते. कुमाऊँ-गढवालातल्या डोंगरी खेड्यांमध्ये तर मुंबईच्या प्लेगपूर्वीच हा रिवाज होता. तिथे घरातले उंदीर मरू लागले की माणसे घरे टाकून रानात जात. उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा पिसू हा आहे, असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने कराचीत केलेल्या प्रयोगांवरून १८९८ मध्ये मांडले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते, पिसवा ते सोडतात आणि दुसरे उबदार शरीर शोधतात. उंदीर उरले नाहीत तर माणूस. म्हणजे मेलेला उंदीर दिसला तेव्हा धोका संपलेला नसे. माणसांचा धोका तिथून सुरू होई. घर सोडण्याचा लोकांचा निर्णय अचूक होता, कारण मात्र त्यांना अर्धेच ठाऊक होते.

सरकारला तर तेवढेही ठाऊक नव्हते. रोगाचे विष जमिनीत, भिंतीत, कोंदट हवेत आहे असे धरून सगळी तयारी चालली होती. जमिनी उकरल्या, भिंतींना चुना फासला, कार्बोलिक ॲसिड ओतले, ऊन आत यावे म्हणून छपराची कौले उतरवली. उंदीर त्यामुळे फारसे मेले नाहीत. अनेकदा ते शेजारच्या घरात गेले.

झोपडीत जायचे म्हणजे नेमके काय करायचे? कूड आणि ताट्या उभ्या करून, वर पाचट किंवा गवत घालून झोपडी होई. ती शेतात, माळावर, शक्यतो विहिरीच्या जवळ. सातारा जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी गावाबाहेरच्या एका पट्ट्याला अजूनही झोपड्यांचा माळ म्हणतात. तिथे आता ऊस आहे. माझी आजी लहानपणी तिथे दोन हिवाळे राहिली होती. ती सांगे, की गुरे आधी नेली, मग म्हातारी माणसे, मग भांडी. धान्य मात्र एकदम न्यायचे नाही, आठवड्यापुरते न्यायचे, असा तिच्या आजोबांचा दंडक होता. जुनी वाकळ नेण्यावरून घरात भांडण झाले होते आणि वाकळ मागे राहिली.

या दोन बारीक गोष्टींत प्लेगच्या तयारीचे सगळे वर्म आहे. संकट येणार म्हटले की कोणतीही गृहिणी पहिल्यांदा धान्य भरते. दुष्काळ, युद्ध, टाळेबंदी, सगळ्यांत ते शहाणपणाचेच ठरते. प्लेगमध्ये मात्र धान्याचा साठाच उंदराला बोलावी. कणगी, बळद, कोठीघर, पोत्यांची थप्पी, ही सुबत्तेची ठिकाणे होती आणि तीच धोक्याची. धान्याच्या पोत्यांतून आणि कापडाच्या गाठोड्यांतून पिसवा गावोगाव जात. अंथरुण-पांघरुणातून त्या झोपडीत येत. भरलेल्या घरापेक्षा रिकामी झोपडी सुरक्षित, हे संसारी मनाला पटायला अवघड होते. शिवाय मागे राहिलेल्या घराला चोरांचे भय. म्हणून दिवसा एखादा पुरुष गावात चक्कर मारी, कोठी उघडून पाही, आणि कधी कधी तोच आजार घेऊन परते.

झोपड्यांत सगळे सारखे नव्हते. ज्याची जमीन त्याची झोपडी त्याच्या शेतात; ज्याला जमीन नाही त्याने कुणाच्या तरी परवानगीने, पाण्यापासून दूर राहायचे. गावाबाहेर राहायला भाग पाडलेल्यांना गाव सोडा असे सांगण्यात काय अर्थ होता, हाही प्रश्न आहेच.

आता दुसरी बाजू. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला, आणि पुण्यात मार्चपासून रँडच्या देखरेखीखाली सोल्जर घरोघर शिरू लागले. त्यांना हवे होते ते घराचे वेगळेपण नव्हे, माणसाचे. आजारी दिसेल त्याला इस्पितळात न्यायचे, त्याच्या सहवासातल्यांना छावणीत. गिल्टीसाठी काखा-जांघा तपासायच्या, त्याही बायकांच्या, त्याही उघड्यावर. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाले ते सर्वांना माहीत आहे. मुंबईत मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या एका विणकराच्या आजारी मुलीला तपासण्यावरून दंगल उसळली. या विरोधाला आपण धर्मभावना, जातिभावना, स्वाभिमान अशी नावे देतो आणि ती खोटी नाहीत. पण साधी गोष्टही होती. गिल्टीच्या प्लेगाने धरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मरत. इस्पितळात नेलेला माणूस पुन्हा दिसेल याची खात्री नव्हती, तो जिवंत आहे की नाही हे कळण्याचा मार्ग नव्हता, आणि त्याच्या तोंडात शेवटचे पाणी कोण घालणार हे ठाऊक नव्हते. म्हणून लोकांनी रोगी माळ्यावर लपवले.

जिथे ही भीती कमी झाली तिथे विरोधही कमी झाला. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग इस्पितळ चालवले, मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली इस्पितळे काढली. त्यांत औषध काही वेगळे नव्हते. औषध कुणाकडेच नव्हते. नातेवाइकांना जवळ बसता येई, घरचे अन्न येई, एवढाच फरक. हडपसरजवळ माळावर डॉ. यशवंत फुले यांनी रोग्यांची सोय केली, आणि तिथे रोगी पोहोचवताना सावित्रीबाईंना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वेगळे ठेवलेल्या माणसाकडे जाणारे कुणीतरी लागतेच, आणि त्याची किंमतही कुणीतरी देते.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यात तयारीला वावच मिळाला नाही. पावसाने ओढ दिलेल्या त्या वर्षी तो आला आणि काही आठवड्यांत देशभरात एक कोटीहून अधिक माणसे मेली. घरातली सगळीच एकदम अंथरुणाला खिळली की कुणी कुणाला वेगळे ठेवायचे? त्या साथीने घराची एकच कमजोरी उघडी केली: पाणी आणणारे माणूस उभे आहे की नाही.

२०२० मध्ये आपण घर बंद केले. मार्चमध्ये परदेशाहून आलेल्यांच्या डाव्या हातावर राज्य सरकारने शिक्के मारायला सुरुवात केली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. सुरुवातीचे महिने आपण कौले उतरवणाऱ्यांसारखेच वागलो. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, कोथिंबीर सोड्यात बुडवली, वर्तमानपत्र बंद केले. विषाणू मुख्यतः श्वासातून, बंद खोलीतल्या हवेतून पसरतो हे नीट मान्य व्हायला वर्षाहून अधिक काळ गेला. तोवर कित्येक घरांत आजारी माणूस खिडक्या घट्ट लावलेल्या खोलीत, आणि जिनसा मात्र बाल्कनीत उन्हात, अशी मांडणी होती. ती उलटी असायला हवी होती.

घरात एखाद्याला वेगळे ठेवायचे तर हवा कुठून कुठे जाते हे आधी पाहावे लागते. आजाऱ्याची खोली वाऱ्याच्या शेवटी हवी. म्हणजे वारा घरातून खोलीकडे आणि खोलीतून बाहेर. खिडकी उघडी, दार बंद, दाराखालच्या फटीला गुंडाळलेली चादर. शक्य तर खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा. संडास वेगळा नसेल तर आजाऱ्याने शेवटी वापरायचा आणि नंतर काही वेळ खिडकी उघडी ठेवून तो मोकळा सोडायचा. जेवण दाराबाहेर स्टुलावर. ठेवणाऱ्याने मागे सरायचे, मगच दार उघडायचे. ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र दिवसातून ठरावीक वेळा बोटाला लावून वहीत आकडा लिहायचा. ९४ च्या खाली गेला तर वाट पाहायची नाही. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या महिन्याच्या आधीच आणलेल्या हव्यात, कारण त्या ऐनवेळी शेजाऱ्याला सांगताना नाव चुकते. आणि एकच माणूस शुश्रूषेला. सगळ्यांनी आळीपाळीने माया दाखवायची नाही.

एवढे केले तरी अडचण राहतेच. करोनाची लागण लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला होऊ शकते. माणूस खोलीत जाईपर्यंत घर त्याच्या हवेत राहिलेले असते. म्हणून घरातल्या सर्वांनीच १४ दिवस बाहेर पडायचे नाही असा नियम झाला. म्हणजे फिरून पुन्हा अख्खे घर वेगळे. अशा घराची खरी तयारी आत नसते, उंबऱ्याबाहेर असते. किराणा कोण आणून ठेवणार, गोळ्या कोण आणणार, रात्री दोनला गाडी कोण काढणार, ही नावे ज्यांच्याकडे आधीपासून होती त्यांचे निभावले. मजल्याला पत्रे ठोकून, दारावर पाटी लावून मोकळ्या झालेल्या सोसायट्यांत राहणाऱ्यांपैकी कित्येकांनी खोकला लपवला. १८९७ साली मुंबईत मृत्यू झालेल्या घरांवर रंगाने वर्तुळे काढत. त्याचाही परिणाम हाच झाला होता.

त्या दिवसांत आणखी एक विधान फार ऐकू येई: आपले सोवळे-ओवळे हे शास्त्रच होते. मला ते पटत नाही. वेगळे ताट, वेगळे अंथरूण, दुरून वाढणे हे तंत्र आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत होते हे खरे. विटाळशी बाईला ते दर महिन्याला भोगावे लागे. पण त्यातून कुणाचा आजार टळत नव्हता. सोवळे हे वेगळे ठेवणाऱ्याच्या शुद्धतेसाठी असते, त्यात बाजूला बसवलेल्याची विचारपूस नसते, आणि काही जातींच्या बाबतीत तर त्याला मुदतही नव्हती. विलगीकरणाला चौदावा दिवस असतो. आणि दर चार तासांनी दाराबाहेरून कुणीतरी विचारायचे असते, ताप किती आहे.

घरीच राहून उपचार घ्यायला परवानगी देताना सरकारी नियमात दोन अटी होत्या: वेगळे राहण्याची सोय, आणि चोवीस तास देखभाल करणारे माणूस. दुसऱ्या अटीत बाई गृहीत होती. ती आजारी पडली तर काय, याचे उत्तर बहुतेक घरांकडे नव्हते. पहिल्या अटीने तर निम्मी मुंबई बाद केली. धारावीत सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ लाखांहून अधिक माणसे, आणि बहुतेकांचे संडास सार्वजनिक. तिथे महापालिकेने माणसांना शाळांत, सभागृहांत नेले, आणि या वेळी माणसे पुष्कळशी आपणहून गेली. खिशात फोन होता, हे मला त्याचे एक मोठे कारण वाटते. आत गेलेला मुलगा रात्री आईला चेहरा दाखवू शकत होता. १८९७ च्या छावणीत ते शक्य असते तर पुण्याचा इतिहास थोडा वेगळा लिहिला गेला असता, असे मी धाडसाने म्हणतो.

मुंबईतली एक खोलीची घरे साथीशी जुन्या नात्याने बांधलेली आहेत. प्लेगच्या धक्क्यानेच १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने कोंदट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, पण पाडली तितकी घरे सुरुवातीच्या वर्षांत बांधली नाहीत. पुढे १९२० च्या दशकात बीडीडी चाळी आल्या: भक्कम भिंती, हवेशीर जिने, प्रत्येक कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. उंदरांच्या रोगानंतरच्या शहरात ही मोठी सुधारणा होती. श्वासातून पसरणाऱ्या रोगात त्या खोलीत सहा-सात जणांपैकी एकाला वेगळे ठेवणे म्हणजे त्याला गॅलरीत झोपवणे, आणि २०२० च्या उन्हाळ्यात काही घरांनी तेच केले. त्या चाळींच्या जागी आता ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत. त्यांत संडास आत आहे, आणि दार लावता येईल अशी आतली खोलीही.