हात आखडता घेण्याचा अधिकार

अमेरिकेतील ज्या शहरांना ‘सँक्च्युअरी सिटी’, म्हणजे अभय देणारी शहरे, म्हटले जाते, त्या शहरांत कागदपत्रांविना राहणाऱ्या परदेशी माणसाला संघीय सरकारच्या अधिकाऱ्यांपासून कोणतेही कायदेशीर अभय मिळत नाही. ‘इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट’, म्हणजे ‘आइस’, या संघीय यंत्रणेचे अधिकारी ह्यूस्टनमध्ये जशी अटक करू शकतात तशीच शिकागोमध्येही करू शकतात आणि महापौराला ती रोखता येत नाही. शहर ठरवू शकते ते याहून बरेच मर्यादित असते. आपल्या पोलिसांनी रस्त्यात अडवलेल्या माणसाला त्याचा व्हिसा विचारू नये, सुटकेची वेळ झालेल्या कैद्याला केवळ ‘आइस’च्या सांगण्यावरून अडकवून ठेवू नये, त्याच्या सुटकेची तारीख त्या यंत्रणेला आपणहून कळवू नये, अशा स्वरूपाचे ते निर्णय असतात. त्यामुळे या संघर्षात परदेशी माणसाच्या वास्तव्याचा प्रश्न पुढे दिसत असला, तरी न्यायालयात लढला जातो तो वेगळाच प्रश्न, आणि तो म्हणजे शहराच्या तिजोरीतून पगार घेणाऱ्या पोलिसाला कामाला लावण्याचा अधिकार वॉशिंग्टनला आहे काय.

भारतीय वाचकाला हा प्रश्न काहीसा अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. भारतीय संविधानात नागरिकत्व आणि परकीय व्यक्ती हे विषय संघसूचीत, तर पोलीस राज्यसूचीत आहेत. परंतु केंद्राला अनुच्छेद २५६ व २५७ अन्वये राज्यांना निर्देश देता येतात आणि अनुच्छेद २५८ अन्वये आपली कामे राज्यांकडे सोपवता येतात. परकीयांविषयीच्या कायद्याखालचे कितीतरी अधिकार अशाच रीतीने राज्यांकडे आलेले असल्यामुळे मुंबई पोलीस संशयित परदेशी व्यक्तीची कागदपत्रे तपासतात, तेव्हा ते काम नाकारण्याची मुभा महापालिकेला आहे काय, असा प्रश्न कोणी उपस्थित करत नाही. अमेरिकेत परकीयांना प्रवेश देण्याचा वा घालवून देण्याचा अधिकार संघाचाच आहे, हे चिनी मजुरांच्या बंदीवरील १८८९ च्या निकालापासून प्रस्थापित आहे, आणि राज्यांनी स्वतःच्या मर्जीने या क्षेत्रात शिरू नये, हेही ॲरिझोनाच्या कायद्यावरील २०१२ च्या निकालाने बऱ्याच अंशी स्पष्ट झाले आहे. मात्र पोलीस असतात शहराचे, तुरुंग बहुधा काउंटीचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या घटकाचा, आणि तो चालवणारा शेरीफ त्या काउंटीच्या मतदारांनी निवडून दिलेला. संघाला न दिलेले अधिकार राज्यांकडे वा जनतेकडे राहतात, असे सांगणारी दहावी घटनादुरुस्ती या सर्वांच्या पाठीशी उभी असते.

वादाचा खरा केंद्रबिंदू काउंटीच्या तुरुंगात आहे. स्थानिक पोलिसांनी कोणत्याही गुन्ह्यासाठी एखाद्याला अटक केली की त्याच्या बोटांचे ठसे ‘एफबीआय’कडे जातात, आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘सिक्युअर कम्युनिटीज’ या योजनेपासून ते ठसे ‘आइस’ ज्याच्या अखत्यारीत येते त्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या नोंदींशीही आपोआप ताडून पाहिले जातात. ही देवाणघेवाण दोन संघीय खात्यांमधील असल्यामुळे कोणत्याही शहराला ती थांबवता येत नाही. म्हणजेच अभय देणाऱ्या शहरातही अटक झालेला माणूस ‘आइस’ला त्याच दिवशी ठाऊक होऊ शकतो. त्यानंतर येते ते ‘डिटेनर’. कैद्याची जामिनावर वा शिक्षा संपल्यामुळे सुटका होणार असेल, तेव्हा त्याला आणखी ४८ तासांपर्यंत रोखून धरावे, अशी विनंती करणारा हा कागद असतो. त्यावर न्यायाधीशाची सही नसते. सोबत जोडलेले वॉरंटही प्रशासकीय, म्हणजे याच खात्यातील अधिकाऱ्याने काढलेले असते, कारण मुदत संपल्यानंतर देशात राहणे हा अमेरिकी कायद्यात गुन्हा नसून दिवाणी स्वरूपाचा भंग आहे; चोरून सीमा ओलांडणे हा मात्र गुन्हा आहे.

या कागदाचे वजन २०१४ मध्ये एकदम कमी झाले. जामीन मिळूनही पेनसिल्व्हेनियातील एका काउंटीच्या तुरुंगात डिटेनरमुळे तीन दिवस अडकून पडलेला माणूस मुळात न्यू जर्सीत जन्मलेला अमेरिकी नागरिक निघाला. त्याच्या दाव्यात तिसऱ्या सर्किटच्या, म्हणजे त्या भागाच्या संघीय अपील न्यायालयाने डिटेनर ही केवळ विनंती असून ती मान्य करणारी काउंटी आपल्या कृतीला स्वतः जबाबदार राहते, असे ठरवले. त्याच वर्षी ऑरेगनमधील संघीय न्यायालयाने असे रोखून धरणे म्हणजे नवी अटकच होय, आणि सबळ कारणावाचून ती केल्यास अवाजवी अटकेविरुद्ध संरक्षण देणाऱ्या चौथ्या घटनादुरुस्तीचा भंग होतो, असा निर्वाळा दिला. त्यानंतर देशभरातील अनेक शेरीफांनी डिटेनर मानणे सोडले. त्यांत स्थलांतरितांविषयी विशेष ममत्व नसलेलेही पुष्कळ होते. नुकसानभरपाईचा दावा लागला तर ती काउंटीच्या खिशातून जाणार, एवढे कारण त्यांना पुरेसे होते. अभयाच्या धोरणामागे प्रत्येक ठिकाणी उदारमतवादच आहे असे मानणारे समर्थक आणि विरोधक, दोघेही ही साधी गोष्ट विसरतात.

धोरणाचा उगम तसा जुना आहे. लॉस एंजेलिसच्या पोलीस दलाने १९७९ मध्ये, डॅरिल गेट्स या कडव्या प्रमुखाच्या काळात, ‘स्पेशल ऑर्डर ४०’ काढून केवळ स्थलांतर-स्थिती शोधण्यासाठी पोलिसांनी कारवाई सुरू करू नये, असे बजावले. कारण व्यवहारी होते: पोलिसाला पाहून पळणारा माणूस साक्ष देत नाही. धार्मिक प्रवाह पुढे आला तो १९८२ मध्ये, जेव्हा ॲरिझोनातील टूसॉनच्या एका प्रेस्बिटेरियन चर्चने एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातील यादवीतून पळालेल्यांना उघडपणे आसरा दिला. सॅन फ्रान्सिस्कोने १९८५ मध्ये ठराव आणि १९८९ मध्ये नियम केला. न्यूयॉर्कमध्ये महापौर एड कॉच यांनी १९८९ मध्ये आदेश काढला. पुढे स्थलांतराविरुद्धच्या राजकारणात अग्रभागी दिसलेले रुडी जुलियानी यांनी महापौर असताना हाच आदेश टिकवण्यासाठी संघ सरकारला न्यायालयात खेचले होते, याची आठवण आज त्यांच्या पक्षात फारशी काढली जात नाही.

अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १९९६ मध्ये दोन उपाय एकदम केले. एका कलमाने, ज्याला ‘१३७३’ या क्रमांकाने ओळखले जाते, एखाद्याच्या स्थलांतर-स्थितीची माहिती संघ सरकारला देण्यास स्थानिक शासनांनी आपल्या कर्मचाऱ्यांना मनाई करू नये, असे फर्मावले. दुसऱ्या, ‘२८७(जी)’ या कलमाने, इच्छुक पोलीस दलांना करार करून संघाचे काम हाती घेण्याची वाट दिली. पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल आला, त्याने सक्तीच्या मार्गावर मोठा धोंडा ठेवला. बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी स्थानिक पोलीस प्रमुखांनी तपासावी, असा ब्रेडी कायद्याचा आदेश होता. मोंटानाचे शेरीफ जे प्रिंट्झ यांनी त्याला आव्हान दिले, आणि न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी पाच विरुद्ध चार अशा बहुमताने लिहिलेल्या निकालात संघाला राज्यांच्या अधिकाऱ्यांना वेठीस धरता येणार नाही, हे तत्त्व ठामपणे मांडले. बंदूकप्रेमी शेरीफाने मिळवलेले हे शस्त्र आज शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोचे वकील वापरतात. क्रीडा-सट्ट्याच्या प्रकरणात २०१८ मध्ये न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी त्याला आणखी धार दिली: ‘अमुक करा’ असा हुकूम राज्यांना देता येत नाही, तसाच ‘अमुक करू नका’ असाही देता येत नाही. त्यानंतर कलम १३७३ च्या वैधतेविषयीच अनेक न्यायालयांनी शंका घेतली आहे.

या तत्त्वाचे मूळ मात्र त्याहून मागे, गुलामगिरीच्या काळात सापडते, आणि आजच्या घडामोडी समजून घ्यायच्या तर तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे. पळालेल्या गुलामांना परत करण्याविषयीच्या १८४२ च्या ‘प्रिग’ खटल्यात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी एकीकडे पेनसिल्व्हेनियाचा संरक्षक कायदा रद्द केला, तर दुसरीकडे संघाचा कायदा राबवण्याची सक्ती राज्यांवर करता येत नाही, असेही लिहिले. मॅसॅच्युसेट्सने ही फट लगेच हेरली आणि १८४३ मध्ये आपले अधिकारी व तुरुंग या कामासाठी वापरण्यास बंदी घातली. दक्षिणेतील गुलाममालकांचा संताप वाढत गेला आणि १८५० मध्ये काँग्रेसने उत्तर म्हणून संघाची स्वतंत्र यंत्रणाच उभी केली. तिच्यातील आयुक्ताला माणूस गुलामीत परत पाठवल्यास १० डॉलर आणि सोडून दिल्यास ५ डॉलर शुल्क मिळत असे. न्यायदानाची अशी दरपत्रके इतिहासात फार आढळत नाहीत. अँथनी बर्न्स या एका माणसाला १८५४ मध्ये बॉस्टनमधून परत नेताना रस्त्यावर सैन्य उभे करावे लागले, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने आणखी कडक कायदा केला. गुलामगिरी आणि स्थलांतर यांची नैतिक तुलना येथे अभिप्रेत नाही. पण यंत्रणेचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: स्थानिक हात आखडले की संघ स्वतःचे हात वाढवतो, आणि तुरुंगाच्या खिडकीवर चालणारा व्यवहार भर रस्त्यावर येतो.

विरोधकांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखा मुळीच नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जुलै २०१५ मध्ये, पूर्वी अनेकदा देशाबाहेर घालवलेल्या आणि डिटेनर असूनही तुरुंगातून सोडलेल्या एका माणसाच्या हातातील पिस्तुलाच्या गोळीने एक तरुणी मरण पावली. ज्युरीने त्याला पुढे खुनाच्या आरोपातून मुक्त केले. परंतु एका दूरध्वनीने हे टळले असते काय, हा प्रश्न त्यामुळे मिटला नाही, आणि २०१६ च्या निवडणुकीत तो देशभर गाजला. गजाआड असलेल्या माणसाचा ताबा घेणे हे त्याला घरातून वा कामाच्या ठिकाणाहून पकडण्यापेक्षा सर्वांसाठीच सुरक्षित असते, हे ‘आइस’चे म्हणणेही तर्काला धरून आहे. दुसऱ्या बाजूला, गुन्ह्याला बळी पडलेल्या आणि पोलिसांना मदत करणाऱ्या परदेशी व्यक्तींसाठी काँग्रेसनेच २००० मध्ये ‘यू’ व्हिसा निर्माण केला, तो या माणसांनी पोलिसांकडे येणे गरजेचे आहे हे ओळखूनच. डेव्हिड हाउसमन यांच्या २०२० मधील अभ्यासात अशा धोरणांमुळे संबंधित काउंट्यांमधील हद्दपारी सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे, पण गुन्ह्यांवर मोजता येण्याजोगा परिणाम झाला नसल्याचे आणि हिंसक गुन्ह्यांतील दोषींची हद्दपारी कमी झाली नसल्याचे आढळले. एका मृत्यूचे दुःख आणि सरासरीचा आकडा यांची तुलना एका तराजूत होत नाही, म्हणूनच हा वाद आकड्यांनी संपत नाही.

हुकूम देता येत नसेल तर पैसा अडवता येतो, हा दुसरा मार्ग. संघाच्या अनुदानाला अट घालता येते, पण ती अट काँग्रेसने स्पष्ट शब्दांत घातलेली, अनुदानाच्या हेतूशी निगडित आणि दडपण म्हणता येणार नाही इतपत असावी लागते. डोनाल्ड ट्रम्प यांनी जानेवारी २०१७ मध्ये काढलेला अनुदान रोखण्याचा आदेश सॅन फ्रान्सिस्कोतील न्यायाधीश विल्यम ऑरिक यांनी अडवला, आणि तिजोरीची किल्ली अध्यक्षांकडे नसून काँग्रेसकडे आहे, या मुद्द्यावर अपील न्यायालयाने २०१८ मध्ये या मनाईला मूलतः दुजोरा दिला. पोलिसांसाठीच्या अनुदानावरील अटींबाबत मात्र न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये सरकारच्या बाजूने कौल दिला. एप्रिल २०२५ मध्ये जवळजवळ तोच खटला ऑरिक यांच्यापुढे पुन्हा उभा राहिला आणि त्यांनी पुन्हा मनाई केली. मे महिन्यात अंतर्गत सुरक्षा खात्याने अशा ठिकाणांची भली मोठी यादी प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यात ट्रम्प यांना पाठिंबा देणाऱ्या काउंट्याही सापडल्या; शेरीफांच्या संघटनेनेच आक्षेप घेतल्यावर ती काही दिवसांत संकेतस्थळावरून काढून टाकावी लागली.

संघापुढे उभे राहणारे शहर राज्यापुढे मात्र निराधार असते, कारण अमेरिकी कायद्यात शहर हे राज्याचे अपत्य मानले जाते. टेक्सासने २०१७ मध्ये डिटेनर मानण्याची सक्ती करणारा कायदा केला आणि तो पुढच्या वर्षी अपील न्यायालयात बहुतांशी टिकला. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्येच नेमका उलटा कायदा केला आणि तोही टिकला. ज्या न्यू जर्सीत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तेथे २०१८ मध्ये तत्कालीन ॲटर्नी जनरल, भारतीय वंशाचे गुरबीर ग्रेवाल यांनी पोलिसांच्या सहकार्यावर मर्यादा घालणारा आदेश काढला, आणि त्याला आव्हान देणाऱ्या काउंट्या २०२१ मध्ये हरल्या. तरीही तेथे व्हिसाची मुदत उलटलेला एखादा अभियंता दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला, तर त्याचे ठसे वर सांगितलेल्या वाटेनेच जातात. राज्याचा आदेश त्या वाटेत येत नाही.

मदत न करणे आणि अडथळा आणणे यांतील रेषा कोठे आहे, हे मिल्वॉकीच्या न्यायाधीश हॅना ड्युगन यांच्या प्रकरणाने दाखवले. बाहेर संघीय अधिकारी थांबलेले असताना एका आरोपीला दुसऱ्या दाराने जाऊ दिल्याबद्दल त्यांना एप्रिल २०२५ मध्ये अटक झाली आणि डिसेंबरमध्ये ज्युरीने त्यांना अडथळा आणण्याच्या आरोपात दोषी ठरवले. उलट इलिनॉय आणि शिकागोच्या धोरणांविरुद्ध संघाने लावलेला दावा न्यायाधीश लिंडसे जेन्किन्स यांनी जुलै २०२५ मध्ये दहाव्या घटनादुरुस्तीच्या आधारे फेटाळला. निकाल शहराच्या बाजूने लागला, आणि सप्टेंबरमध्ये त्याच शिकागोच्या रस्त्यांवर संघाच्या पथकांची मोठी मोहीम सुरू झाली. त्याआधी जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये नॅशनल गार्ड उतरले होते. दरम्यान, २८७(जी) करारांची संख्या वर्षारंभीच्या १३५ वरून एक हजारापलीकडे गेली, म्हणजे देशाचा एक भाग हात पुढे करत असताना दुसरा आखडून घेत होता.

आखडलेल्या हातांची किंमत काँग्रेसने ४ जुलै २०२५ रोजी अध्यक्षांची स्वाक्षरी झालेल्या कायद्यात भरून दिली. ‘आइस’ला त्यातून सुमारे ७५ अब्ज डॉलर मिळाले असून त्यांपैकी ४५ अब्ज केवळ स्थानबद्धता केंद्रांसाठी आहेत. तुरुंगाच्या दारात एका कैद्याचा ताबा घ्यायला मोजकेच अधिकारी पुरतात, तर त्याच माणसाला वस्तीतून पकडायला अख्खे पथक, पाळत आणि वाहने लागतात. हा फरक आता संघाची तिजोरी सोसते आहे. हा निधी सप्टेंबर २०२९ पर्यंत वापरता येणार आहे, आणि त्यानंतर ‘आइस’ला पुन्हा काउंटीच्या शेरीफाकडे विनंतीचा कागद घेऊन जावे लागेल की नाही, हे तेव्हाची काँग्रेस किती पैसा मंजूर करते यावर अवलंबून राहील.