छोट्या डिझेल इंजिनाचे वळण

आगगाडीचे इंजिन सरळ मार्गावर किती वेगाने धावते याचे कौतुक सर्वांनाच असते. ते वळणावर कसे वळते, हा प्रश्न मात्र फारसा कोणाला पडत नाही. हौसेने घरी छोटी आगगाडी मांडणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी पडतो. दुकानात सुरेख दिसलेले, भरपूर दाम मोजून आणलेले लांबलचक डिझेल इंजिन पहिल्याच वळणावर रूळ सोडते. दोष इंजिनाचा नसतो, तसाच रुळांचाही नसतो. दोघांची मापे एकमेकांशी जुळत नाहीत, एवढेच.

अमेरिकेत या छंदात ‘एच. ओ.’ हे प्रमाण विशेष रूढ आहे. त्यात खरी गाडी ८७ पटींनी लहान केलेली असते आणि दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. तयार मिळणाऱ्या वक्र तुकड्यांची त्रिज्या बहुधा १८ किंवा २२ इंच असते. ती वर्तुळाच्या मध्यापासून दोन रुळांमधल्या मध्यरेषेपर्यंत मोजतात.

हे वळण किती तीव्र, हे साध्या गुणाकाराने कळते. १८ इंचांची ८७ पट म्हणजे सुमारे ४० मीटर. भारतात ब्रॉडगेज मार्गावर वळणाची त्रिज्या १७५ मीटरांहून कमी नसावी, असा दंडक आहे. तेच माप घरात आणावयाचे तर त्रिज्या दोन मीटर आणि वर्तुळ चार मीटर रुंद होईल. सारा दिवाणखाना त्यातच संपेल. म्हणून छोट्या इंजिनाला खऱ्यापेक्षा चौपटीहून तीव्र वळण घ्यावे लागते.

ते साधते कसे? डिझेल इंजिनाचा देह दोन बोग्यांवर टेकलेला असतो. आपल्याकडे डब्यालाच बोगी म्हणतात; येथे बोगी म्हणजे देहाखाली फिरणारा चाकांचा सांगाडा. ‘जी. पी. ३८-२’ या अमेरिकन इंजिनाच्या प्रत्येक बोगीला दोन आस असतात, तर ‘एस. डी. ४०-२’ला तीन. दोन आसांची चाके वळणावर सहज बसतात. तीन आस मात्र एका सरळ रेषेत असतात आणि रूळ असतो वाकडा; म्हणून मधल्या आसाला बाजूला सरकावे लागते. एस. डी. ४०-२च्या प्रतिकृतीत, १८ इंची वळणावर, हे सरकणे सुमारे ०.६ मिलिमीटर भरते. कारागिराने तेवढी मोकळीक ठेवली नसेल, तर चाकाची कड रुळावर चढते. खऱ्या रेल्वेतही अशीच युक्ती योजलेली आढळते. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गावरील वाफेच्या इंजिनांत बाहेरच्या आसांना थोडे सरकण्याची व वळण्याची सोय मुद्दाम केलेली होती.

दुसरी अडचण लांबीची. एस. डी. ४०-२ची प्रतिकृती सुमारे २४ सेंटिमीटर लांब असते. वळणावर तिच्या देहाचा मध्य आतल्या बाजूला झुकतो आणि टोके बाहेर जातात. १८ इंची वळणावर टोक मध्यरेषेपासून नऊ मिलिमीटरांहून अधिक दूर जाते, म्हणजे बाहेरच्या रुळाच्याही पलीकडे. मागे जोडलेला आखूड डबा मात्र मध्यरेषेच्या जवळच राहतो. मग त्यांना जोडणारा आकडा तिरपा ताणला जातो आणि हलका डबा ओढून रुळाखाली पाडतो. इंजिन एकटे असता बिनतक्रार धावते आणि गाडी जोडताच अपघात होतो, याचे कारण हेच.

इंजिनाच्या वेष्टनावर ‘किमान त्रिज्या’ छापलेली असते. तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. किमान म्हणजे उत्तीर्ण होण्यापुरते गुण. त्यांत प्रावीण्य येत नाही. त्या त्रिज्येवर इंजिन कसेबसे वळेल, परंतु सर्व डब्यांसह, मागे ढकलतानाही वळेलच, याची ती हमी नव्हे. जाणकारांचा आडाखा असा की, सर्वांत लांब वाहनाच्या लांबीच्या निदान तिप्पट त्रिज्या असावी. त्या हिशेबाने सुमारे २१ सेंटिमीटरांच्या जी. पी. ३८-२ला साधारण २५ इंच आणि एस. डी. ४०-२ला साधारण २८ इंच त्रिज्या सुखाची ठरते.

एका वळणातून लगेच उलट वळणात शिरणे सर्वांत घातक, कारण तेथे शेजारच्या वाहनांची टोके परस्परविरुद्ध दिशांना जातात. दोन वळणांच्या मध्ये सर्वांत लांब वाहनाएवढा तरी सरळ रूळ घालावा.

तेव्हा इंजिन घेण्याआधी फळीवर एक खिळा ठोकावा, त्याला दोरा व पेन्सिल बांधून वर्तुळ आखावे आणि रुळाबाहेर झुकणाऱ्या टोकांसाठी कडेला जागा सोडावी. चार फूट रुंदीच्या फळीवर २२ इंचांहून मोठे वर्तुळ मावत नाही. जागा एवढीच असेल, तर चार आसांचे आखूड इंजिनच घ्यावे. ते दिसायला लहान असले, तरी मुलांच्या डोळ्यांदेखत फेरीमागून फेरी पुरी करील. कपाटात पडून राहणाऱ्या मोठ्या इंजिनापेक्षा त्याचीच किंमत अधिक.