पनीर व चीज कसें टिकवावें?

उन्हाळ्यांत नवीन जालन्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो. अशा दिवसांत विकतचें पनीर वा चीज जपणें हा घरच्यांच्या प्रकृतीचा प्रश्न होय. पनीरांत चक्क्याप्रमाणेंच पाण्याचा अंश पुष्कळ. म्हणून त्यांत जंतू त्वरित वाढतात. तें गार पाण्यांत बुडवून फ्रीजमध्यें ४ अंशांवर ठेवावें, पाणी प्रत्यहीं बदलावें व दोन-तीन दिवसांत संपवावें. कठीण चीजमध्यें पाणी अल्प व मीठ अधिक, म्हणून तें कित्येक आठवडे टिकतें; तें कोरड्या सुरीनें कापून मेणकागदांत गुंडाळावें. त्यावर बुरशी आल्यास भोंवतालचा व खालचा इंचभर भाग काढून उरलेलें वापरतां येतें. पनीरावर आल्यास मात्र सर्वच टाकावें. मऊ पदार्थांत तिचे तंतू न दिसतां खोल शिरतात. चार पैशांसाठीं मुलांचें पोट बिघडविणें ही काटकसर नव्हे.