पानातील लिंबाची फोड

नांदेड जिल्ह्यातील लोहा गावी, किंवा आपल्या मराठवाड्यात कोठेही, लग्नाची पंगत बसली की पानात प्रथम मीठ वाढतात आणि त्याच्या शेजारी लिंबाची एक फोड ठेवतात. वरण, भात, भाजी हे सारे मागाहून येते. ही फोड कच्चीच असते. जेवणाराने ती आपल्या हाताने वरणभातावर पिळावयाची असते. असे का बरे? लिंबू वरणाच्या पातेल्यातच पिळून उकळले असते, तर वाढप्याचे काम वाचले नसते काय?

याचे उत्तर मिळविण्यासाठी आपणांस थोडा वेळ समुद्रावर जावे लागेल.

पूर्वी लांबच्या सफरीवर निघालेल्या खलाशांना महिनोन् महिने ताजी फळे वा भाजी मिळत नसे. त्यांच्या हिरड्या सुजत, त्यांतून रक्त येई आणि कित्येकजण दगावत. या रोगास स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ नावाच्या इंग्रजी जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टराने अशा बारा रोग्यांच्या सहा जोड्या केल्या. अन्न सर्वांना एकच, उपचार मात्र निरनिराळे. एका जोडीला सिरका दिला, एकीला समुद्राचे पाणी, तर एकीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत फळे संपली. परंतु तेवढ्या अवधीत फळे खाणाऱ्यांपैकी एक जण कामाला लागण्याजोगा झाला आणि दुसरा इतर रोग्यांची शुश्रूषा करू लागला! सिरकाही आंबटच, पण तो पिणाऱ्यांना गुण आला नाही. म्हणजे हा गुण नुसत्या आंबटपणाचा नव्हता. एवढे दिसूनही आरमारातील खलाशांना लिंबाचा रस देण्याचा हुकूम निघाला तो १७९५ साली. मधल्या काळात किती जीव व्यर्थ गेले असतील!

लिंबातील हा गुण ‘क’ जीवनसत्त्वाचा होय. हंगेरीचे शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ साली एक पदार्थ वेगळा काढला. तोच हे जीवनसत्त्व आहे, हे १९३२ साली सिद्ध झाले. पाच वर्षांनी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे जीवनसत्त्व मोठे नाजूक आहे. उकळले की त्याचा बराचसा भाग नाहीसा होतो. रस काढून उघडा ठेवला तरी ते कमी होत जाते. म्हणूनच पोह्यांवर लिंबू पिळावयाचे ते चुलीवरून उतरवल्यावर, आणि वरणावर पिळावयाचे ते पानात. जुन्या लिंबाच्या लोणच्याने तोंडाला चव येते खरी, पण ताज्या फोडीचे काम ते करू शकत नाही.

खरे सांगावयाचे तर ‘क’ जीवनसत्त्वात आवळा आणि पेरू हे लिंबाच्या कितीतरी पुढे आहेत. मग लिंबाचे एवढे कौतुक कशासाठी? कारण ते जेवणाच्या पानातच असते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मेथीची भाजी यांत लोह असते; परंतु धान्याभाज्यांतील लोह शरीरास सहजासहजी घेता येत नाही. त्याच घासाबरोबर ‘क’ जीवनसत्त्व पोटात गेले, तर ते अधिक प्रमाणात रक्तापर्यंत पोहोचते. लोह कमी पडले की मुलांचा चेहरा फिकट दिसतो, थोडे धावताच धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही. वाढत्या वयाच्या मुलींना तर त्याची गरज विशेष असते. लोहा या नावाचा लोखंडाशी संबंध असो वा नसो, तेथील मुलांच्या अंगात लोह मात्र असावयास हवे!

आपल्याकडील लिंबू बहुधा कागदी लिंबू असते. कागदासारख्या पातळ सालीवरून त्याला हे नाव पडले. वैशाखात अंगातून घामावाटे पाणी व मीठ निघून जाते, तेव्हा याच लिंबाचे सरबत करतात. त्यात साखरेबरोबर चिमूटभर मीठ घालावयास विसरू नये.

आणि पिळलेली साल? ती टाकून देऊ नका. तिला मीठ लावून तांब्याचा तांब्या घासून पाहा. लिंबातील आम्लाने वरचा काळपट थर निघून जातो आणि तांबे पुन्हा लखलखू लागते.