वाटेत हरवलेला माल कुणाच्या खात्यावर?



उसाची गाडी फडातून निघते आणि कारखान्याच्या काट्यावर येते, त्या वाटेत काय काय होते हे आपणांस सांगायला नको. खड्ड्यात चाक आपटले की दोन मोळ्या खाली. गावातून गाडी जाते तेव्हा पोरे मागून ऊस ओढतात. नंबर लागला नाही, गाडी रात्रभर केन यार्डात उभी राहिली, की ऊस वाळतो आणि वजन घटते. ही सगळी घट कुणाच्या खात्यावर पडते? उत्पादकाच्या. कारण ऊस फडात मोजला जात नाही, काट्यावर मोजला जातो, आणि बिल निघते ते काट्याच्या पावतीवर. साखरेचे मात्र साधारणपणे उलटे असते. व्यापारी निविदा भरतो, पैसे भरतो आणि गोदामातून पोती उचलतो. त्याचा ट्रक गेटाबाहेर पडून पुढे घाटात उलटला तर त्याचे तो बघतो. म्हणजे ऊस आत येताना वाटेची जोखीम माल देणाऱ्याची, साखर बाहेर जाताना माल घेणाऱ्याची. दोन्हीकडे पाहायचे ते एवढेच, की माल हवाली झाला असे कोणत्या जागी धरायचे.

हा हिशेब आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण तोच हिशेब मोबाइलवरच्या खरेदी-विक्रीला लावायची वेळ आली की भले भले गडबडतात. आज वस्तीवरच्या घरातूनही ठिबकचा फिल्टर, फवारणी पंप, मुलांची पुस्तके, सुनेची साडी, सारे काही मोबाइलवरून मागवले जाते. उलट दिशेनेही माल जाऊ लागला आहे. घरचा गूळ, काकवी, हळद, बचत गटाचे पापड-लोणचे पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांकडे कुरियरने रवाना होतात. बहुतेक पार्सले नीट पोचतात. एखादे पोचत नाही. मग कुरियरवाला म्हणतो दिले, गिऱ्हाईक म्हणते मिळाले नाही, विकणारा म्हणतो मी तर पाठवले. तिघेही खरे बोलत असतात असे धरले, तरी पैसे कुणाचे तरी जातातच.

आपल्याकडे मालविक्रीचा कायदा 1930 सालचा आहे. तो इंग्लंडच्या 1893 च्या कायद्यावर बेतलेला. त्याचे कलम 26 सांगते की वेगळे काही ठरले नसेल तर मालकी ज्याची, जोखीम त्याची. माल अजून हवाली झालेला नसला तरी मालकी गिऱ्हाइकाकडे गेली असेल तर नुकसानही गिऱ्हाइकाचे. मात्र एखाद्याच्या चुकीने माल द्यायला किंवा घ्यायला उशीर झाला आणि त्या उशिरामुळे नुकसान झाले, तर ते चुकणाऱ्याच्या अंगावर. त्याच्यापुढे कलम 39 येते. विकणाऱ्याने ठरल्याप्रमाणे माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला, की तो गिऱ्हाइकालाच दिला असे सकृद्दर्शनी मानायचे. वाचून दचकायला होते, नाही का? म्हणजे कुरियरच्या दुकानात पार्सल टाकले की विकणारा मोकळा!

पण तसे नाही. हा कायदा व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील व्यवहार समोर ठेवून लिहिला गेला. त्यात रेल्वे पावती हाती आली की माल आपला समजत. शिवाय या सगळ्या कलमांच्या मुळाशी ‘वेगळे काही ठरले नसेल तर’ ही अट आहेच. मोबाइलवर जो माल विकला जातो तो ‘घरपोच’ म्हणून विकला जातो. घरपोच देतो असे एकदा कबूल केले की हवाली करण्याची जागा कुरियरचे दुकान राहत नाही, गिऱ्हाइकाचा उंबरठा होतो. आपला ऊस जसा काट्यापर्यंत आपला, तसे ते पार्सल उंबऱ्यापर्यंत विकणाऱ्याचे. इंग्लंडने तर 2015 च्या ग्राहक कायद्यात हे स्पष्टच लिहून टाकले, की माल ग्राहकाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत जोखीम व्यापाऱ्याची. आपल्याकडे इतक्या सरळ शब्दांत एक ओळ घातली असती तर पुष्कळ भांडणे वाचली असती, असे आमचे मत आहे. तरी ग्राहक संरक्षण कायदा 2019 आणि ई-कॉमर्सचे नियम 2020 यांनी बरेचसे तेच साधते. संकेतस्थळावरून विकणाऱ्याने सांगितलेल्या मुदतीनंतर माल आणला तर तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला त्याला नकार देता येत नाही. अस्मानी-सुलतानीमुळे उशीर झाला असेल तर गोष्ट वेगळी. उशिराची ही कथा, तर मुळीच न आलेल्या मालाचे पैसे ठेवून घेण्याचा हक्क कुठून येणार?

तेव्हा खरेदी करणाऱ्या सभासदाने कुरियरच्या मागे धावू नये. कुरियर त्याने ठरवलेला नाही, भाडे त्याने ठरवलेले नाही. ज्याने पैसे घेतले त्यालाच धरावे, आणि लेखी धरावे. प्रत्येक संकेतस्थळाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असा नियम आहे. दाद लागली नाही तर 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यापासून आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. जाता जाता एक सावधगिरीची गोष्ट. हरवलेल्या पार्सलसाठी इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधू नये. भामट्यांनी तिथे आपले नंबर पेरून ठेवलेले असतात, आणि पार्सल राहते बाजूला, खाते रिकामे होते. तसे घडलेच तर लगेच 1930 वर कळवावे.

आता विकणाऱ्याची बाजू. इथे खरी मेख आहे, आणि आपल्या घरांतून विक्री करणाऱ्या माता-भगिनींनी हे नीट वाचावे अशी विनंती आहे.

समजा, एका बचत गटाने वीस किलो गुळाचे रवे मुंबईच्या गिऱ्हाइकाला घरपोच पाठवले. गुळाचे दोन हजार रुपये झाले, कुरियरला दीडशे रुपये भाडे दिले. पार्सल हरवले. गिऱ्हाइकाचे दोन हजार गटाने परत करायचे, हे वर पाहिलेच. मग गटाने कुरियरकडून किती वसूल करायचे? सहज वाटते, दोन हजार. पण 2007 चा रस्ता मालवाहतूक कायदा, जो 1 मार्च 2011 पासून लागू झाला आणि ज्याने 1865 चा जुना कायदा काढून टाकला, तो तसे म्हणत नाही. या कायद्याच्या व्याख्येत घरपोच सेवा देणारे कुरियरही येतात. मालाची किंमत आधी लिहून दिली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी नियमाने भाड्याच्या दहा पटींवर थांबते. म्हणजे आपल्या उदाहरणात दीड हजार. उरलेले पाचशे गटाच्या अंगावर. आणि गुळाऐवजी पाच हजारांची पैठणी त्याच दीडशे रुपयांत गेली असती, तरी मिळाले असते दीड हजारच. किंमत जाहीर केली आणि जोखमीचा जादा दर भरला तर ही मर्यादा उठते. तो जादा दर वाचवण्याच्या नादात पुष्कळजण हा कॉलम कोरा सोडतात.

जुन्या काळी आपल्याकडे हुंडेकरी असत. ठरीव रकमेत माल पोचवण्याचे ते पत्करीत, वाटेतली जकातसुद्धा त्यांच्याच अंगावर. वाहतूकदार हा मालाचा जणू विमेदारच, ही कल्पना कोर्टांनीही मानली आहे. 2000 साली पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले. जनरेटरचे संच वाहतूकदाराच्या ताब्यात असताना आगीत जळाले होते. वाहतूकदाराचा निष्काळजीपणा मालकाने सिद्ध करत बसायचे कारण नाही, माल मिळाला नाही एवढे पुरे, असा त्याचा अर्थ. 2007 च्या कायद्यातही ही तरतूद आहे. तेव्हा ‘आमची चूक दाखवा’ असे कुरियरवाला म्हणाला तर घाबरू नये.

पण सहीचे काय? भारती निटिंग कंपनीचा खटला याबाबत डोळे उघडणारा आहे. या कंपनीने जर्मनीच्या गिऱ्हाइकाला कपड्यांचा माल पाठवला, आणि तो सोडवून घेण्याची कागदपत्रे डीएचएल या कुरियरने रवाना केली. ती पोचली नाहीत. दुसरी प्रत जाईपर्यंत तिकडचा हंगाम संपला, गिऱ्हाइकाने किंमत पाडली, आणि नुकसान लाखांत गेले. राज्य आयोगाने भरपाई मंजूर केली होती. पण कुरियरच्या पावतीवर जबाबदारी शंभर डॉलरपुरतीच अशी अट छापलेली होती, आणि खाली सही होती. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने शंभर डॉलरच कायम केले. हंगाम हुकला म्हणजे काय होते ते ऊस उत्पादकाला वेगळे सांगायला नको! त्या पावतीचा छापा किती बारीक असतो तेही आपण पाहतोच. वयस्कर माणसाला चष्म्यानेही वाचता येऊ नये असा. छपाईच्या या पद्धतीवर सरकारने काही बंधन घालावे असे आम्हांस मनापासून वाटते.

गुळाच्या बाबतीत आणखी एक बारकावा. पावसाळ्यात गूळ ओल धरतो, पाझरतो. विकणाऱ्याने स्वतःच्या जोखमीवर दूरच्या गावी माल पोचवण्याचे पत्करले असले, तरी प्रवासात अपरिहार्यपणे होणारी खराबी गिऱ्हाइकाने सोसायची, असे 1930 च्या कायद्याचे कलम 40 सांगते, अर्थात वेगळे ठरले नसेल तर. पण बांधणीच ढिली होती, प्लॅस्टिकचा थर घातला नव्हता, तर ती खराबी अपरिहार्य म्हणता येणार नाही. श्रावणात साध्या खोक्यात गूळ पाठवून कलम 40 दाखवण्यात अर्थ नाही.

पोस्टाचे शास्त्र निराळे. 2007 च्या वाहतूक कायद्यात सरकार येत नाही. 1898 च्या पोस्ट कायद्याने हरवलेल्या टपालाच्या जबाबदारीपासून खात्याला संरक्षण दिले होते. 18 जून 2024 पासून लागू झालेल्या 2023 च्या नव्या कायद्यातही नियमांनी ठरवून दिली तेवढीच जबाबदारी आहे. म्हणून मोलाचे पार्सल पोस्टाने धाडताना विमा उतरवलेला बरा.

राहिला फाट्याचा प्रश्न. कुरियरवाला वस्तीवर येत नाही. फोन करतो, ‘फाट्यावरच्या किराणा दुकानात ठेवू का?’ आपण म्हणतो, ठेव. झाले! त्या क्षणी दुकानदार आपला माणूस ठरला आणि पार्सल आपल्याला पोचले असा दावा करायला जागा मिळाली. नंतर दुकानातून ते गेले तर विकणाऱ्याला दोष देता येणे अवघड. न विचारता ठेवून गेला असेल तर मात्र ते पोचले असे होत नाही, आणि तसे त्याच दिवशी लेखी कळवावे. ओटीपीचेही तेच. मोबाइलवर आलेला तो आकडा म्हणजे काट्याच्या पावतीवरची सही. माल हातात येण्याआधी तो फोनवर सांगणे म्हणजे गाडी काट्यावर चढण्याआधीच पावतीवर अंगठा उठवणे. खोके फुटलेले, पट्टी उकललेली दिसली तर घेण्याआधी फोटो काढावा, आणि उघडताना घरातल्या पोराला मोबाइलवर चित्रण करायला सांगावे.

विकणाऱ्या सभासदांसाठी मुदतीची गोष्ट. कुरियरवर दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस पोचली पाहिजे, नाहीतर दावाच चालत नाही. तारीख मोजायची ती पार्सल हरवल्याचे कळले त्या दिवसापासून नव्हे, बुक केले त्या दिवसापासून. फोनवर केलेल्या चौकशा यात धरत नाहीत. जे गट केवळ उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून विक्री करतात, त्यांना कुरियरच्या सेवेचे ग्राहक म्हणून जिल्हा आयोगाकडेही जाता येते. त्यासाठी बुकिंगची पावती, किंमत लिहिलेले बिल आणि गिऱ्हाइकाला पैसे परत केल्याचा पुरावा, हे तीन कागद उसाच्या वजनपावत्यांसारखेच एका पिशवीत जपून ठेवावेत.