अर्ध्या सेकंदात 43 लाख मालगाड्या

सुरतच्या उत्तरेला कोसाड स्टेशन. संध्याकाळची वेळ, मावशी भरूचच्या मेमूची वाट पाहत बाकावर बसलेली. मी मोबाइल काढला, बोट टेकवलं, लख्ख! फोटो निघाला. त्या एका झगमगाटात काय काय मावलं असेल, याचा हिशेब मांडायला बसलो आणि डोकंच गरगरलं. या, तुम्हीही बसा.

मापं घेऊ नोकिया एन900 या 2009 सालच्या फोनची. तो लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचा. पुढे 2011 साली सकारी आयलुस या प्रोग्रामरनी लिनक्सच्या कॅमेरा विभागात फ्लॅशसाठी 12 कंट्रोल ठरवून दिले, आणि सोबत एन900 मधल्याच एडीपी1653 या फ्लॅशच्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, आला. टॉर्च की फ्लॅश, उजेड किती, कधी पेटायचं, कधी विझायचं, चिप तापली का, शॉर्ट झाली का, सगळं या 12 कळांवर. या फोनच्या सेटिंगमध्ये टॉर्चला 50 मिलिअँपिअरची मर्यादा, फ्लॅशला 320 ची. सहा पटींहून मोठी उडी! एवढा करंट एलईडी फार वेळ सोसू शकत नाही, म्हणून फ्लॅशवर वेळेचा लगाम: जास्तीत जास्त 5,00,000 मायक्रोसेकंद. प्रोग्राम मध्येच अडकला तरी चिपमधलं घड्याळ दिवा विझवतंच. मला ही सोय फार शहाणपणाची वाटते.

5,00,000 मायक्रोसेकंद म्हणजे अर्धा सेकंद. छोटा वाटतो? तेवढ्यात फोनच्या 600 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे 30 कोटी ठोके पडतात. सेकंदाला एक असे मोजत बसलात तर साडेनऊ वर्षं जातील. आणि प्रकाश? 1,50,000 किलोमीटर पळतो. मुंबई-पुणे 150 किलोमीटर धरलं तर तब्बल 1000 खेपा!

आता कॅमेऱ्याकडे या. 5 मेगापिक्सेलच्या चित्रात 1944 ओळी, आणि सेन्सर त्या एकामागोमाग एक वाचतो. सेकंदाला 15 चित्रं धरली तर एका ओळीच्या वाट्याला येतात 34 मायक्रोसेकंद. तेवढ्यात कोसाडहून निघालेला किरण सुरत स्टेशनात पोचलेला असतो. फ्लॅश जरा उशिरा पेटला की चित्राचा एक पट्टा अंधारा. म्हणून तर त्या 12 कंट्रोलमध्ये एक असा आहे, ज्याने फ्लॅशला थेट सेन्सरच्या तारेवरून इशारा घ्यायला सांगता येतं. सॉफ्टवेअरची वाटच पाहायची नाही.

वीज किती लागते म्हणाल? एलईडीवर साडेतीन व्होल्ट धरा, अर्ध्या सेकंदात जेमतेम 0.56 ज्यूल. तुमच्या मीटरवरच्या एका युनिटमध्ये असे 64 लाख फ्लॅश बसतात. 2011 च्या जनगणनेत सुरत शहराची लोकसंख्या साधारण 45 लाख. एकेका सुरतकराचा फोटो काढा, तरी 19 लाख फ्लॅश शिल्लक!

आणि उजेडाचे कण? एक तृतीयांश ऊर्जा उजेडात गेली असं धरलं, तर एका लखलखाटात निघणारे फोटॉन ढोबळमानाने 5 वर 17 शून्यं. एका फोटॉनचा एक रुपया लावा. केंद्र सरकारचा 2025-26 चा अर्थसंकल्प सुमारे 50 लाख कोटींचा. ही रक्कम असे 10,000 अर्थसंकल्प भागवेल. दहा हजार वर्षं!

रुपये नकोत, ज्वारी घ्या. एका फोटॉनचा एक दाणा, दाण्याचं वजन 30 मिलिग्रॅम. भरली 1500 कोटी टन ज्वारी! वीस फूट रुंद, तेहतीस फूट खोल विहिरी दाण्यांनी काठोकाठ भरायला घ्या, सात कोटी विहिरी लागतील. देशातल्या दर वीस माणसांमागे एक विहीर. आता हीच ज्वारी मालगाड्यांत चढवा, एका गाडीत 3500 टन. झाल्या 43 लाख गाड्या! एक गाडी साडेसहाशे मीटरची. एकीला एक जोडत चला. मुंबई मागे पडली, दिल्ली मागे पडली, पृथ्वी मागे पडली, 3,84,000 किलोमीटरवर चंद्र आला. गाडी संपत नाही. परत या, पुन्हा जा, पुन्हा या. 28 लाख किलोमीटर, चंद्रापर्यंतच्या अंतराच्या सात पट, आणि हे सगळं मटाराच्या दाण्याएवढ्या दिव्यातून, अर्ध्या सेकंदात!

मेमूची शिट्टी वाजली. मावशीने फोटो जवळ धरून पाहिला. "अरे, डोळे मिटले माझे. अजून एक काढ."

मी पुन्हा बोट टेकवलं. आणखी 43 लाख गाड्या सुटल्या.